लॉजवर मुक्काम, जेवण बाहेरचं: पार्सल मागवताना काउंटरवर काय विचारायचं, खोलीत काय सांभाळायचं

दवाखाना, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, मंत्रालयातलं काम, लग्नाचा बस्ता, नाहीतर देवदर्शन. कारण काहीही असो, जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचा माणूस पुण्या-मुंबईला किंवा कोल्हापूरला गेला की एक-दोन रात्री लॉजवर काढाव्याच लागतात. राहण्याची सोय होते, प्रश्न उरतो जेवणाचा. पूर्वी घरून बांधून नेलेली भाकरी-चटणी दोन वेळा पुरायची, तिसऱ्या वेळेला खानावळ शोधायची. आता मोबाईलवर बोट फिरवलं की जेवण लॉजच्या दारात येतं. आणि कुरबूरही तिथंच सुरू होते. काउंटरवरचा म्हणतो बाहेरचं खाणं वर न्यायचं नाही, पार्सलवाला म्हणतो मी वर येत नाही, आणि सकाळी खोली सोडताना चादरीवरच्या रश्श्याच्या डागाचे पैसे मागितले जातात. दवाखान्यासाठी उसनवारी करून आलेल्या माणसाला हा भुर्दंड नको तेव्हा बसतो.

आधी शब्दांचा घोळ. आपल्याकडे हॉटेल म्हटलं की मिसळ, भजी, चहा. राहायचं ते लॉज. शहरात दोन्हीला हॉटेलच म्हणतात. त्यामुळे ॲपवर नुसतं नाव टाकलं की नकाशावरची खूण त्याच नावाच्या भलत्याच जागेवर जाऊन बसते. स्टेशनजवळच्या भागात तर एकाच देवाच्या नावाचे तीन-चार लॉज सहज सापडतात. म्हणून पत्ता टाकताना लॉजचं पूर्ण नाव, गल्ली आणि समोरची ठळक खूण लिहावी. काउंटरवर लॉजचं कार्ड मिळतं. त्यावरचा पत्ता बघून टाकला तर चूक होत नाही.

बाहेरचं जेवण अडवायचा अधिकार लॉजला आहे का?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. खोलीचे पैसे मोजले, मग आत काय खायचं ते आम्ही ठरवू, असं वाटणं साहजिक आहे. पण लॉजने बाहेरचं जेवण चालवलंच पाहिजे अशी सक्ती करणारा सरसकट कायदा नाही. लॉज ही खासगी जागा, आणि तिथल्या अटी मालक ठरवतो. सिनेमागृहात बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्याबाबतचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ३ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने सांगितलं की सिनेमागृहाचा मालक अशी मनाई करू शकतो. पिण्याचं स्वच्छ पाणी मात्र फुकट दिलं पाहिजे, आणि तान्ह्या बाळासाठी पालकांनी आणलेलं खाणं अडवू नये, हेही त्यात आलं. निकाल सिनेमागृहापुरता आहे, पण लॉजवाल्याची बाजू कशावर उभी राहते ते त्यावरून समजतं.

अट घालता येते, पण ती आधी सांगायला हवी. पैसे घेताना गप्प बसायचं आणि रात्री दहा वाजता पार्सल दारात आल्यावर नियम दाखवायचा, हे बरोबर नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे. म्हणून खोली बघताना पंखा, गरम पाणी, टीव्ही विचारतो तसंच हेही विचारून घ्यावं: "दादा, रात्री बाहेरून जेवण मागवलं तर चालेल ना? पोरगा वर येतो की आम्ही खाली यायचं? ताट-वाटी मिळंल का?" एवढ्या बोलण्यानं निम्मी भांडणं तिथंच मिटतात. नाही म्हणाला तर पैसे अजून आपल्याच खिशात असतात, शेजारचा लॉज बघता येतो. ऑनलाइन बुकिंग केलं असेल तर अटी त्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात. त्या वाचायचा कंटाळा आला तर सरळ फोन लावून विचारावं.

मालक नाही का म्हणतो, हेही समजून घेतलं पाहिजे. ज्या लॉजला स्वतःचं किचन आहे त्याचा धंदा बुडतो, हे उघड कारण. पण बिनकिचनचे लॉजही कधी कधी अडवतात. बाहेरचं खाऊन कुणाचं पोट बिघडलं तर आळ आपल्यावर येईल, ही एक भीती. दुसरं म्हणजे मुक्कामाला कोण आहे याची नोंद लॉजला ठेवावी लागते, ओळखपत्र घ्यावं लागतं. नोंद नसलेला माणूस मजल्यावर फिरला आणि काही कमी-जास्त झालं तर पोलीस आधी काउंटरवर येतात. आणि तिसरं, मुंग्या, झुरळं, उंदीर. एका खोलीत बिर्याणीची शितं सांडली की त्रास पुढच्या गिऱ्हाईकाला होतो.

भरतीला जाणाऱ्या पोरांसाठी इथं एक जास्तीची गोष्ट. दोघांच्या नावावर खोली घ्यायची आणि सहा जणांनी झोपायचं, हा प्रकार काही नवा नाही. पण दोघांच्या खोलीवर सहा थाळ्या आल्या की काउंटरवरच्याला हिशेब लगेच लागतो. त्यापेक्षा जास्तीच्या गाद्यांचे पैसे ठरवून सगळ्यांची नोंद करावी. पहाटे मैदानी चाचणी असताना रात्री अकराला खोली सोडायची वेळ येऊ नये.

लपवून नेऊ नका

गावाकडच्या लोकांची एक सवय आहे. पार्सल शालीखाली किंवा पिशवीत कपड्यांच्या मध्ये लपवून वर न्यायचं. कारण लाज. काउंटरवरचा इस्त्रीचे कपडे घालून बसलेला असतो, आपल्या हातात भाकरीचं गाठोडं असतं, आणि आपणच चूक करतोय असं वाटायला लागतं. वास्तविक घरची शिदोरी खाण्यात लाजण्यासारखं काही नाही. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक पार देशाच्या टोकापर्यंत जातात, प्रवासात त्यांच्याही पिशवीत शिदोरी असतेच. साधारणपणे घरचं कोरडं खाणं, म्हणजे भाकरी, शेंगाचटणी, धपाटे, लाडू, यावर लॉजवाले हरकत घेत नाहीत. हरकत असते ती रस्सा, मटण, मासे आणि उरलेल्या खरकट्यावर. विचारून उघड नेलं तर ताट मागता येतं, पाणी मागता येतं, कचऱ्याची पिशवीही मागता येते. लपवून नेलं की यातलं काहीच मागता येत नाही, आणि मग खोलीतल्या वस्तूंचे हाल सुरू होतात.

शाकाहारी लॉजची गोष्ट वेगळी. 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी असेल तिथं अंडंही चालत नाही, हे लक्षात ठेवावं. अंडा बुर्जीचं पार्सल तर नाहीच, वाढदिवसाचा केकही अंड्याविना लागतो. पंढरपूर, आळंदीसारख्या ठिकाणी भक्तनिवास, मठ, धर्मशाळेत उतरल्यावर मांसाहार आणि दारूचा विषयच काढू नये. तिथं हा श्रद्धेचा भाग आहे, वाद घालण्यात अर्थ नाही. खायचंच असेल तर गाव सोडल्यावर खावं.

रस्सा, पिशवी आणि पांढरी चादर

आता मुख्य भानगड. कोल्हापुरात मटण थाळीचं पार्सल मागवलं की तांबडा आणि पांढरा रस्सा बऱ्याचदा गाठ मारलेल्या पिशवीत येतो. घरी पातेलं असतं, पिशवी त्यात धरून कात्रीने कोपरा कापला की झालं. लॉजच्या खोलीत ना पातेलं, ना कात्री. मग दातानं गाठ सोडायची आणि अर्धा रस्सा अंगावर घ्यायचा. कुणी तो पाण्याच्या ग्लासात ओततं, कुणी चहाच्या किटलीत, आणि काही महाभाग तर बाथरूममधल्या मगात. त्याच मगाने आदल्या दिवशी कुणी काय केलं असेल याचा विचार करावा! विजेची किटली फक्त पाण्यासाठी असते. तिच्यात रस्सा, दूध किंवा अंडी गरम केली की आतली पट्टी खराब होते, आणि पुढच्या माणसाच्या चहाला मटणाचा वास येतो.

सोपा उपाय म्हणजे प्रवासाच्या पिशवीत दोन स्टीलची ताटं, एक खोलगट वाटी आणि एक चमचा ठेवावा. वजन फार होत नाही. खाताना पलंगावर बसू नये. टेबल असेल तर टेबलावर, नसेल तर जमिनीवर जुना पेपर अंथरून मांडी घालून बसावं. आपल्याला सवय आहेच. पेपर खाली अंथरायलाच वापरावा, भाकरी-भजी त्यात गुंडाळून ठेवू नये, छपाईची शाई अन्नात उतरते. हात पुसायला खोलीतला पांढरा टॉवेल घेऊ नये.

हळदीच्या डागाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दंड बहुतेक यावरच होतो. हळदीत कुरकुमिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. रश्श्यावरच्या तर्रीतून ते थेट कापडाच्या धाग्यात शिरतं. घाबरून माणूस लगेच साबण चोळतो आणि पिवळा डाग बघता बघता लालसर होतो. हे कुंकवासारखंच आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तसंच साबणातल्या खारानेही होतं. डाग वाढला असं वाटून आणखी चोळलं जातं आणि तो पसरतो. खरं तर डाग पडल्या पडल्या कागदाने तेल टिपून घ्यावं, चोळू नये, आणि काउंटरला लगेच सांगावं. लॉजची धुलाई करणाऱ्यांना हे डाग रोजचेच असतात, ताजा डाग त्यांना काढता येतो. कडक उन्हात हळदीचा रंग फिका पडतो, हे घरोघरच्या बायकांना माहीत आहेच. पण सकाळी खोली सोडून गेल्यावर गादीखाली दाबून ठेवलेला डाग सापडला तर तो पक्का झालेला असतो. आणि गिऱ्हाईक निघून गेलेलं असेल तर जाब द्यायची पाळी खोली आवरणाऱ्या बाईवर येते. तिच्या हाताखाली दिवसाला कितीतरी खोल्या असतात.

दंड मागितला तर वाद न घालता एकच म्हणावं, पावती द्या. किती रुपये, कशाचे, हे लिहून मागावं. पावती द्यायची म्हटली की आकडा पुष्कळदा खाली येतो.

बेसिनमध्ये तेलकट ताट धुऊ नये, भाताची शितं आणि हाडं पाइपात अडकतात. हाडं, काटे, उरलेला रस्सा एका पिशवीत घालून घट्ट गाठ मारावी. ओला कचरा वेगळा, डबे-पिशव्या वेगळ्या. खरकटं दाराबाहेर ठेवायची पद्धत लॉजच्या स्वतःच्या ताटांपुरती ठीक आहे. पार्सलच्या पिशव्या बाहेर ठेवल्या तर मांजर नाहीतर कुत्रं त्या जिन्यापर्यंत ओढत नेतं. काउंटरला फोन करून "कचरा न्यायला माणूस पाठवता का" म्हटलं तर बहुतेक ठिकाणी येतो. एसी खोलीत सुकट, बोंबील शक्यतो नकोच. खिडक्या बंद असतात, वास दोन दिवस जात नाही आणि शेजारच्या खोलीतलाही ओरडतो.

दारात आलेला पोरगा

पुण्यात पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन फिरणारी पोरं कोण आहेत? त्यातली कितीतरी आपल्याच तालुक्यातली. दिवसा अभ्यासिकेत बसायचं आणि संध्याकाळी गाडीवर ऑर्डरी पोहोचवायच्या. फोनवर "अरे कुठं आहेस, वर ये" असं खेकसण्याआधी हे आठवावं. त्याच्या गाडीला पुढच्या ऑर्डरीची पिशवी लटकलेली असते, ती रस्त्यावर सोडून तो तीन जिने चढू शकत नाही. काही लॉज त्याला वर सोडतच नाहीत, मग दोन्हीकडून शिव्या त्यालाच. ॲपवर तो जवळ आलेला दिसला की आपणच खाली जाऊन थांबावं. पावसात तर नक्कीच.

फोन चालू ठेवावा, आवाज वाढवावा. दवाखान्यात दिवसभर बसून आलेला माणूस ऑर्डर टाकतो आणि डोळा लागतो, असं होतंच. पण फोन उचलला नाही तर ठरावीक वेळ वाट बघून ऑर्डर रद्द होते आणि पैसे परत मिळतीलच असं नाही. झोप येत असेल तर काउंटरवर सांगून ठेवावं, पैसे आधी भरावेत. रोख द्यायचे असतील तर सुटे काढून ठेवावेत. पाचशेची नोट दाखवून त्यालाच सुटे शोधायला लावू नये. टीप द्यायची की नाही हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न. पाण्याची बाटली पुढं केली तरी चालते, 'दादा' म्हणून बोललं तरी चालतं.

एकट्या बाईमाणसाने किंवा परीक्षेला आलेल्या मुलीने पार्सल खाली काउंटरवरच घ्यावं. ॲपच्या पत्त्यात खोली नंबर टाकू नये, फोनवरही सांगू नये. रात्री दार वाजवून कुणी "पार्सल" म्हणालं आणि आपण मागवलेलं नसेल तर दार न उघडता आधी काउंटरला फोन करावा.

सगळ्यांकडेच ॲप असतं असंही नाही. साधा फोन असेल तर जवळच्या खानावळीला थेट फोन करता येतो. काउंटरवरच्या पोराकडे नंबर असतात. ॲपवर पदार्थाचा दर पुष्कळदा खानावळीतल्या दरापेक्षा जास्त असतो, वर पोहोचवण्याचे पैसे, पॅकिंगचे पैसे. पाच मिनिटं चालून स्वतः पार्सल आणलं तर हे बरंचसं वाचतं, आणि खानावळ किती स्वच्छ आहे तेही डोळ्यांनी बघता येतं.

रात्रीचा भात सकाळी?

पेशंटबरोबर आलेल्यांनी ही गोष्ट विशेष सांभाळावी, कारण सोबतीचा माणूसच आडवा झाला तर पेशंटकडे कोण बघणार? शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात. खोलीतलं तापमान नेमकं यात मोडतं. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पार्सल बनून, निघून, आपल्या हातात येईपर्यंत त्यातला बराच वेळ गेलेला असतो. आल्यावर "आंघोळ करून खाऊ, घरी फोन करून खाऊ" म्हणत ते टेबलावर पडून राहतं.

सगळ्यात दगा देतो भात. त्यातल्या एका जातीच्या जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तसाच राहिला की ते विष तयार करतात. ते विष परत गरम केल्याने जात नाही. रात्रीची बिर्याणी सकाळी चांगली दिसते, वासही येत नाही, आणि दुपारपर्यंत उलट्या सुरू होतात. भाकरी, चपाती, कोरडी चटणी राहिली तर चालते. भात, मटण, दही-दूध, पनीर राहिलं तर टाकून द्यावं, जीव तुटला तरी. म्हणून मागवतानाच कमी मागवावं.

खोलीत छोटा फ्रिज असला तरी त्यावर विसंबू नये. अनेक ठिकाणी दाराचं कार्ड खाचेतून काढलं की खोलीची वीज जाते आणि काही खोल्यांत फ्रिजही त्यातच बंद होतो. आपण दिवसभर दवाखान्यात, आणि आत दूध नासतंय. फ्रिज चालू राहतो का, हे विचारूनच त्यात काही ठेवावं.

पार्सल घेतल्यावर झाकणावरची पट्टी उघडलेली नाही ना ते काउंटरसमोरच बघावं, पदार्थ मोजावेत. बिल जपून ठेवावं. खानावळीच्या बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. अन्नात काही निघालं किंवा बाधा झाली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना हाच नंबर कामाला येतो. लॉजच्याच किचनमधून मागवलं आणि बिलात न विचारता 'सर्व्हिस चार्ज' लावलेला दिसला तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जीएसटी हा वेगळा, तो द्यावाच लागतो.

आणि पैसे अडकले तर काय करायचं? ऑर्डर आली नाही, पैसे कापले गेले, म्हणून लोक गुगलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधतात. भामटे नेमके तिथंच आपले नंबर पेरून ठेवतात. समोरचा गोड बोलून मोबाईलमध्ये एखादं ॲप टाकायला लावतो किंवा "पैसे परत यायला यूपीआय पिन टाका" म्हणतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तक्रार ज्या ॲपवरून ऑर्डर दिली त्याच्याच 'मदत' विभागात करावी. खात्यातून रक्कम गेलीच तर सकाळची वाट न बघता लगेच १९३० वर फोन करावा, आणि बँकेलाही त्याच रात्री कळवावं.